हिंगाचा माग

सायकलच्या सीटवर मेणकापडाची टोपी चढवायचे दिवस पुन्हा आले. एर्लांगेनमध्ये सगळं गाव सायकलवर चालतं, त्यामुळे ऋतू बदलला की तो आधी सायकलींवर दिसतो. उन्हाळ्यातल्या चेरीच्या टोपल्या जातात, मग काही दिवस कॅरिअरला सफरचंदांच्या पिशव्या, आणि मग एका सकाळी खिडकीतून बघावं तर खालच्या रांगेतली प्रत्येक सीट टोपी घालून धुक्यात उभी. समोरचं चर्च दिसत नाही, त्याची घंटा तेवढी ऐकू येते.

अशाच एका सकाळी पुण्याहून नव्यानं आलेल्या एका विद्यार्थ्याबरोबर माझ्या आईनं हिंग पाठवला. हिंगाचा खडा फडक्यात, फडकं डबीत, डबी पत्र्याच्या डब्यात, असा सगळा बंदोबस्त होता. तरी तो मुलगा दारातच म्हणाला, "वहिनी, तुमच्या या डब्यापायी बोटीवर माझ्या केबिनमधला माणूस डेकवर झोपायला गेला."

डबा उघडला तशी आमची रेवा नाक दाबून स्वयंपाकघराबाहेर पळाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. "मामा, एस श्टिंक्ट!" म्हणजे, आई, घाण वास येतोय. तिचंही बरोबर आहे. बंद घरात, खिडक्या लावलेल्या असताना, हिंग खरोखरच कुणी आगंतुक यावा तसा येतो आणि सगळ्या खोल्यांतून हिंडतो.

इतर कुणाला या वासानं वरण आठवेल, आईचा हात आठवेल. मला ओली जमीन आठवते. शेतात कुजत पडलेली बीटाची पानं, पायात मोठे होणारे रबरी बूट, आणि धुक्यातून उसळत येणारी पांढऱ्या शेपट्यांची टोकं. रेवा जन्मायच्या आधीची गोष्ट आहे. एकाच शरदाची. पण माझ्यापाशी जर्मनीतला जो म्हणून शरद आहे तो तोच. त्यानंतरचे सगळे त्याच्यावरून काढलेल्या नकला वाटतात.

लग्न होऊन मी आले ती उत्तरेला, हानोफरच्या बाहेरच्या एका खेड्यात. हे तिथल्या टेक्निशे होखशूले या तांत्रिक विद्यापीठात धातुशास्त्रात डॉक्टरेट करत होते. युद्धात पडलेलं शहर अजून पुरतं उभं राहिलं नव्हतं, विद्यार्थ्यांना खोल्या मिळत नसत, म्हणून हे खेडं. सकाळच्या गाडीनं हे जात आणि दिवेलागणीला येत. मधला सगळा दिवस माझा आणि घरमालकीण फ्राउ हार्म्स यांचा. त्या मला पहिल्या दिवसापासून 'फ्राउ डॉक्टर', डॉक्टरीणबाई, म्हणायच्या. हे हसायचे. "मी अजून डॉक्टर झालो नाही, तू मात्र झालीस."

मला जर्मन येत नव्हतं आणि गावात कुणाला इंग्रजी येत नव्हतं. त्याचं मला तसं दुःख नव्हतं, खरं सांगायचं तर थोडी सुटकाच वाटली होती. पुण्यात कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले. तिथे सिस्टर अगाथा सांगायच्या, चांगल्या मुलीचा आवाज शेजारच्या खोलीत जाता कामा नये. मग सासरी काही महिने राहिले, तिथेही हेच, फक्त मराठीत. सासूबाई ओरडल्या नाहीत कधी. त्या नुसत्या म्हणायच्या, "किती हळू बोलते नाही आपली सूनबाई," आणि समोरची बाई कौतुकानं मान हलवायची. एवढं कौतुक झाल्यावर माणूस मोठ्यानं बोलणार तरी कसं? माझ्या आवाजाला दोन कुलपं होती आणि दोन्ही किल्ल्या मी आपण होऊन दुसऱ्यांकडे दिल्या होत्या.

यांच्याशीही माझं बोलणं बेताचंच. "वाढू का?" "वाढ." "कोट घेतलात?" "घेतला." आम्ही एकमेकांना नीट ओळखतही नव्हतो. भांडायला सुद्धा थोडी ओळख लागते.

गावात आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, "अहो, मागच्या बाजूला रोज दुपारी कुणीतरी रडतं. एक नाही, पुष्कळ जण."

यांनी फ्राउ हार्म्सना विचारलं. त्या बटाटे सोलता सोलता म्हणाल्या, "टॉमींची कुत्री आहेत ती. जेवायची वेळ झाली की गातात."

टॉमी म्हणजे इंग्रज सोल्जर. युद्ध संपल्यावर गावाजवळ इंग्रजांची एक पलटण येऊन राहिली होती. तिच्या अधिकाऱ्यांनी येताना बीगल कुत्र्यांचा कळप बरोबर आणला. बुटकी, लांब कानांची, तीन रंगांची ही कुत्री ससे धरायची. डोळ्यांनी बघून नाही, नाकानं. सशाचा माग जमिनीवरून हुंगत सगळा कळप एका सुरात ओरडत पळायचा आणि अधिकारी त्यांच्यामागे पायी धावायचे. जर्मनीत कळप घेऊन शिकार करायला कायद्यानं मनाई होती, पण जिंकलेल्यांना कोण विचारणार? गावकऱ्यांच्या बंदुका जमा करून घेतलेल्या. ते कुंपणाशी उभे राहून, नुकत्याच उगवलेल्या राय नावाच्या धान्याच्या शेतावरून जाणारे परक्यांचे बूट बघत असत. हे सांगताना फ्राउ हार्म्स बटाटा जरा जाडच सोलत होत्या.

गावातलेच एक, हेर लुटमान, त्या पलटणीत कुत्र्यांचं जेवण रांधायला होते. पलटण गेली तेव्हा कळपातली काही कुत्री इंग्रजांनी त्यांच्याकडेच सोडली, आणि फ्राउ हार्म्सच्या सफरचंदाच्या बागेमागे, तारेच्या कुंपणात, ती राहत होती.

दुपारी मी बागेच्या टोकापर्यंत जायला लागले. कुंपणापाशी एक लहानशी कुत्री यायची, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका असलेली. एकदा आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी तिला विचारलं, "अँड व्हॉट इज युअर नेम?" जर्मनीत आल्यापासून इंग्रजीत काढलेलं ते माझं पहिलं वाक्य असावं. कुंपणातल्या सगळ्या माना वर झाल्या. पेंढ्यात झोपलेली म्हातारी कुत्री उठून बसली. त्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं मी गर्दीत कुणाच्या तरी घरचं नाव घेतलं.

शेडच्या दारात हेर लुटमान बादली घेऊन उभे होते. मी पळाले.

त्याच दिवशी हे आल्यावर ते आमच्याकडे आले. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसले. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं होतं, बोलले की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा आणि ऐकायला वाकावं लागायचं. हे वाकून ऐकत होते. मग माझ्याकडे वळले.

"ते म्हणताहेत, तुझा आवाज उसना पाहिजे."

"माझा?"

"मीही तेच विचारलं."

मग हळूहळू सगळं कळलं. कुंपणाच्या आत कुत्री हेर लुटमानांचं सगळं ऐकत. पण शेतात त्यांना फक्त अधिकाऱ्यांच्या इंग्रजी हाका ठाऊक होत्या, आणि हेर लुटमानांची हाक तर आता खोलीच्या पलीकडे पोचत नव्हती. आता कळप पळवायचा तर खोट्या मागावरच, असा नियम होता. कुणीतरी वासाचं पोतं ओढत आधी शेतातून पळत जायचं, मागून कुत्री सोडायची, ससा मध्ये येताच कामा नये. पण सप्टेंबरमध्ये एकदा कुत्री खोटा माग सोडून खऱ्या सशामागे बीटाच्या शेतात घुसली होती. फॉर्स्टर, म्हणजे त्या भागाचे जंगल अधिकारी, त्यांनी बजावलं होतं की नोव्हेंबरच्या एका रविवारी मी स्वतः येऊन बघणार. त्या दिवशी कळप सशामागे गेला तर तो या गावात राहणार नाही.

"मग कुत्री कुठे जातील?" मी यांना विचारायला सांगितलं.

हेर लुटमान म्हणाले, लहान दोन-चार कुणीतरी नेईल. बाकीची म्हातारी. त्यांनी तर्जनी जराशी वाकवली, बंदुकीचा खटका ओढतात तशी, आणि लगेच तो हात खिशात घातला.

नाही म्हणायला मला जर्मन येत नव्हतं. आणि मराठीत नाही म्हणायची सवय नव्हती.

तेव्हापासून त्या शरदातला प्रत्येक रविवार शेतात गेला. बीट काढून झालेलं, जिकडेतिकडे चिखलात पानांचे ढीग. बटाट्याच्या वाळक्या वेलींच्या शेकोट्या पेटलेल्या असायच्या, त्यांचा धूर वर न जाता जमिनीलगत पसरायचा. डोक्यावरून करकोच्यांच्या रांगा दक्षिणेला जायच्या आणि मी मनातल्या मनात त्यांना पत्ता सांगायची. अंगात साडी, वर यांचा जुना कोट, पायात फ्राउ हार्म्सच्या दिवंगत नवऱ्याचे रबरी बूट. निऱ्या वर खोचून मी शेताच्या बांधावर उभी राहायची आणि शिकवलेलं म्हणायची.

"लीव्ह इट, प्लीज."

"लाउटर," हेर लुटमान कुजबुजायचे. आणखी मोठ्यानं. ज्या माणसाला मोठ्यानं म्हणताच येत नाही, तो मला मोठ्यानं म्हण म्हणून सांगत होता. आम्हा दोघांनाही त्याचं हसू यायचं, पण ते शेवटपर्यंत दोघांनीही दाखवलं नाही.

"कुत्र्यांना प्लीज म्हणणारी तू पहिलीच असशील," हे म्हणायचे.

"मग काय म्हणू?"

"मला म्हणतेस तसं म्हण. 'कोट घेतलात?'"

ही थट्टा आहे हे मला जरा उशिरानं कळलं. तोवर हे पोतं उचलून निघालेही होते.

कारण पोतं ओढायचं काम यांच्याकडे आलं होतं. कॉलेजात हे लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचे, हे मला तेव्हाच समजलं. पेंढा भरलेलं पोतं, त्याला दोरी, आणि पोतं भिजवायचं हेरिंग माशाच्या पिंपातल्या खाऱ्या पाण्यात. दुकानदारीणबाई बाटलीत भरून देत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा आला नव्हता. हे जोडे बाहेर काढायचे, पँट बाहेर काढायची, साबणाची वडी झिजवायची, तरी फ्राउ हार्म्सचं मांजर जिन्यावरून यांच्या मागेमागे वर यायला लागलं. "आईला कळवू नकोस," हे म्हणाले. ते त्यांच्या आईबद्दल बोलत होते. आमच्या दोघांमधलं हे पहिलं गुपित.

पण कुत्र्यांना त्या पाण्याचं अगत्य नव्हतं. थोडं अंतर धावायची, मग एकेक नाक बाजूला वळायचं. हिव पडलेल्या सकाळी खाऱ्या पाण्याचा वास जमिनीवर टिकतच नसे, आणि त्या शेतांत सशांचे माग सगळीकडे, नवे, गरम, खरे. दर रविवारी कुणीतरी एक कुत्रं फुटायचं. परत येताना हेर लुटमान सॉलोमन नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला ट्रॅक्टरमागच्या गाडीत स्वतः उचलून चढवायचे, आणि खाली ठेवायला जरा जास्त वेळ घ्यायचे.

आमचा हिंग तेव्हा घराबाहेर राहायचा. पहिल्याच आठवड्यात फ्राउ हार्म्सनी दोन्ही हात वर करून सांगितलं होतं, "नाइन, नाही, फ्राउ डॉक्टर. बाकी सगळं चालेल, हे घरात नाही." म्हणून डबा खिडकीबाहेरच्या फळीवर, रिकाम्या कुंडीखाली. फोडणी देताना मी खिडकी उघडून, चिमूट आत घेऊन, खिडकी लावायची. निघताना आईनं दिलेला वर्षभराचा खडा होता तो. मी रडेन म्हणून तिनं स्टेशनवर काहीच बोलायचं टाळलं होतं, नुसता डबा हातात दिला आणि म्हणाली, "जपून वापर."

एका दुपारी खिडकीखाली बघितलं तर तीच तपकिरी ठिपक्याची कुत्री, डेंटी तिचं नाव, कुंपणाखालून निसटून आलेली. कुंडीकडे बघत, नाक वर करून, शहाण्यासारखी बसली होती. हेर लुटमान तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. तिसऱ्या दिवशी तिनं आणखी दोघींना आणलं.

मला एखादी गोष्ट दिसली की लगेच सांगता येत नाही. ती काही दिवस माझ्याजवळ राहते. तशी ही राहिली. मग एकदा जेवताना मी म्हटलं, "अहो, त्या पोत्याला हिंग लावून बघायचा का?"

हे जेवायचे थांबले. "वर्षभराचा आहे ना तो?"

"हो."

"आईंनी दिलेला."

"हो."

"मग वर्षभर बिनहिंगाचं वरण?"

"तुम्हाला चालेल का?"

यांनी वाटीतलं वरण संपवलं. मग म्हणाले, "तो खडा तू एकटी फोडू नकोस. हातोडी मी धरतो."

कोळसे फोडायच्या हातोडीनं, फडक्यात गुंडाळून, मागच्या अंगणात आम्ही दोघांनी तो खडा कुटला. फ्राउ हार्म्सनी आतून खिडकी लावून घेतली. पूड खाऱ्या पाण्यात कालवून मी हातांनी पोत्याला चोळली. कोपरापर्यंत वास लागला, बांगड्यांच्या मधे बसला. आठवडाभर गेला नाही.

त्या रविवारी जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. गाडीचं फळकूट उघडलं, कुत्री उतरली, जमिनीवर नाकं टेकली, आणि क्षणभर सगळं शांत. मग डेंटीनं तोंड उघडलं. एक लांब, घंटेसारखा स्वर. तिच्यामागून दुसरी, तिसरी, खालच्या पट्टीत सॉलोमन, आणि बघता बघता तो सगळा कळप एकच गळा होऊन शेतावरून निघाला. मी दुपारी ऐकलेलं रडणं ते हेच होतं, पण इथे ते रडणं नव्हतं. इतका मोठा आवाज, आणि त्यात कुणालाही संकोच नाही. मी मागे धावत होते, बूट चिखलात अडकत होते, आणि मला वाटत होतं की हे कधी संपूच नये. आईच्या डब्यातला वास परक्या मुलखात शेतामागून शेत ओलांडत चालला होता आणि इंग्रजांची कुत्री जीव तोडून त्याच्यामागे चालली होती.

मला तेव्हा हेही मनात येऊन गेलं, की इंग्रज दोन्हीकडून गेले, आणि जाताना मागे जे ठेवून गेले त्यात ही कुत्री होती आणि मीही होते. त्यांच्या भाषेत वाढलेली, आणि ते गेल्यावर त्या भाषेचं काय करायचं ते न कळलेली.

मग तो ठरलेला रविवार आला.

गावातली बरीच मंडळी आली होती. फ्राउ हार्म्स रविवारची टोपी घालून आल्या. फॉर्स्टर उंच, हिरव्या कोटातले, कुणाशी न बोलणारे. धुकं इतकं की शेताचं दुसरं टोक दिसत नव्हतं. हे पोतं घेऊन आधीच निघून गेले होते. मागाच्या शेवटी, ओढ्यापलीकडच्या गवताच्या गंजीपाशी, ते कुत्र्यांच्या खाऊची बादली घेऊन थांबणार होते.

कुत्री सोडली. माग लगेच लागला. अर्ध्या शेतापर्यंत ती अशी सरळ गेली की कुणीतरी टाळी वाजवली.

आणि रायच्या सरीतून ससा उठला.

पाळीव सशासारखा नाही हो, हा मोठा, लांब पायांचा रानससा. मातीच्या ढेकळासारखा बसून होता, तो एकदम डेंटीच्या नाकासमोरून उडाला. वास नाही, माग नाही, समोर ससाच. आख्खा कळप वळला. आवाजही बदलला, घंटेचा होता तो किंचाळी झाला. फॉर्स्टरनी काही केलं नाही. फक्त हातातली काठी जमिनीत रोवली आणि उभे राहिले, काम संपल्यासारखे.

मी हेर लुटमानांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं. मानेच्या शिरा ताठलेल्या. आणि त्या तोंडातून काहीच येत नव्हतं.

मला ते ओळखीचं होतं. आत सगळं असूनही बाहेर काही न येणं कसं असतं, ते त्या शेतात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शिकवलेलं 'लीव्ह इट' मला त्या घटकेला आठवलंसुद्धा नाही. पण छातीच्या तळाशी कुठेतरी शाळेचा लांब व्हरांडा होता, घंटा होऊन गेलेली, मुली भलतीकडे धावत सुटलेल्या, आणि दाराशी सिस्टर अगाथा. जो आवाज निघाला तो त्यांचा होता.

"गर्ल्स! कम हिअर धिस मिनिट!"

धुकं ओलांडून तो गेला आणि कुठूनतरी परत आला. डेंटी धावता धावता बसल्यासारखी थांबली. तिच्या अंगावर मागची आदळली. मग ब्लूबेल थांबली, मग आणखी कुणी. मी पुन्हा ओरडले. एकेक मान वळली. आणि मग ती सगळी, कान उडवत, अपराधी चेहऱ्यानं माझ्याकडे पळत आली. गर्ल्समध्ये न मोडणारा सॉलोमन सर्वांत शेवटी, धापा टाकत. माझ्या हातांना, साडीच्या निऱ्यांना तोच वास होता. ती माझ्यावर चढली, मी चिखलात बसले, माझ्या बांगड्यांपर्यंत ओली नाकं आली. तेवढ्यात ससा पलीकडच्या बांधावर पोचला होता. तिथे थांबून त्यानं एक कान आमच्याकडे वळवला आणि झुडपात गेला.

मी उठले, माग सुटला होता तिथे जाऊन हात जमिनीवर टेकवला. डेंटीनं नाक टेकवलं. आणि कळप पुन्हा गाऊ लागला, ओढ्याच्या दिशेनं.

सगळे गंजीपाशी पोचलो तेव्हा कुत्री खात होती. फॉर्स्टर आमच्याजवळ आले, यांच्याशी थोडं बोलले, माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. हे मला म्हणाले, "ते म्हणताहेत, इंग्रज इथे इतकी वर्षं होते. पण त्यांनी कुत्र्यांना सशावरून परत बोलावलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं."

"आणि कळप?"

यांनी विचारलं. फॉर्स्टरनी हेर लुटमानांकडे बघितलं. "आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'बरं तर', आणि टोपी नीट केली. मग, "राहू दे. पण हाक मारायला ही बाई असली पाहिजे."

हेर लुटमान हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. मग ते सॉलोमनपाशी खाली बसले आणि त्याच्या कानातला चिखल काढत राहिले. वर बघितलंच नाही.

तिथल्या रिवाजाप्रमाणे शेवटी सगळे गोल उभे राहतात आणि धावणाऱ्या प्रत्येकाला ओकच्या झाडाची एक डहाळी देतात. पानं पिवळी, कडांना तांबूस. "दसऱ्याचं सोनं आलं," हे हळूच म्हणाले. इतरांनी कोटाला लावली. मी सवयीनं अंबाड्यात खोचली.

"अगं, ती कोटाला लावायची असते."

"असू दे," मी म्हटलं. आणि तेही मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण फ्राउ हार्म्स वळून बघायला लागल्या.

घरी चालत येताना यांनी रिकामी बादली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी तिथे गंजीपाशी बादली घेऊन उभा होतो. धुक्यात काही दिसेना. कुत्र्यांचा आवाज बिघडलेला ऐकू आला, मला वाटलं संपलं. आणि तेवढ्यात एक बाई ओरडली. अशी ओरडली की मी बादली खाली ठेवली. म्हटलं, कुणाची तरी बायको दिसते. कुणाची असेल बिचाऱ्याची?"

"मग?"

"मग ती परत ओरडली, आणि मला कळलं की बिचारा मीच."

त्या हिवाळ्यात आम्ही बिनहिंगाचं वरण खाल्लं. आमटीही तशीच. हे एकदाही काही म्हणाले नाहीत, उलट वाढायला उशीर झाला की स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे आणि दिवसभरात काय झालं ते सांगायचे. मीही सांगायची. कधी कधी फ्राउ हार्म्स खालून छत ठोकायच्या, इतकं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

डॉक्टरेट झाली आणि आम्ही इकडे दक्षिणेला आलो. पण त्याआधी दोन हिवाळे मी त्या बांधावर उभी राहिले. आम्ही निघायच्या आधीच्या वसंतात सॉलोमन गेला, शेडमध्ये, पेंढ्यावर, आपल्या जागी. हेर लुटमान आता नाहीत. त्यांच्या पाठीमागे कळप वेस्टफालियातल्या एका माणसाकडे गेला, असं फ्राउ हार्म्स नाताळच्या फोनवर म्हणाल्या. डेंटीच्या नातवंडांतली काही त्यात आहेत म्हणे. त्यांना कुठल्या भाषेत हाका मारतात, ते विचारायचं माझं राहूनच गेलं.

परवा संत मार्टिनचे कंदील निघाले. रेवाच्या शाळेची सगळी मुलं कागदाचे कंदील घेऊन रस्त्यानं गात गेली आणि गाणं संपल्यावर घरी यायच्या ऐवजी घराजवळच्या जुन्या राजवाड्याच्या बागेत घुसली. दिवस मावळला होता, धुकं उतरत होतं, आणि त्यात ते लहान लहान उजेड इकडेतिकडे पळत होते. मी डाळीला फोडणी देत होते. गॅस बारीक केला, खिडकी उघडली. हिंगाचा वास माझ्याआधी बाहेर पडला.

"रेवा! कम हिअर धिस मिनिट!"

सगळे कंदील थांबले, दुसऱ्यांच्या मुलांचेसुद्धा. मग त्यातला एक हलत हलत आमच्या दाराकडे यायला लागला. खाली, सायकलींच्या रांगेपाशी, कुणीतरी सीटवर मेणकापडाची टोपी चढवत होतं. त्यानं मान वर केली आणि शेजारपाजारच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "कुणाची बायको ओरडतेय?"

"तुमचीच," मी म्हटलं. "वरती या. वरण गरम आहे."